आबांना पत्र: घर गाडीपासून सोडताना

नॉर्थ प्लॅट, नेब्रास्का

तीर्थरूप आबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी आमचं चाकांवरचं, पिकअपनं ओढायचं घर गाडीपासून सोडायचं सांगत होते, तेव्हा तुम्ही विचारलंत, "ट्रॉलीसारखी पिन उपसली की झालं की गं, त्याला एवढा वेळ कशाला लागतो?" आणि मागून आईचा आवाज आला, "पिन उपसायला खाली तूच जातीस का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मी सांगायला लागले तोवर माझी ड्युटीची वेळ झाली आणि निम्मं तसंच राहिलं. व्हिडिओ पाठवला होता, पण त्यात नुसतं काळं लोखंड दिसतं, कोण कुणाला धरून आहे ते कळत नाही. म्हणून आता सवडीनं लिहायला बसले आहे. दादाला आणि त्याच्या थोरल्याला मोठ्यानं वाचून दाखवा. शेवटी त्या दोघांसाठी एक काम सांगणार आहे.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. इथं पिन उपसायचीच नसते. पिन घराला कायमची जडवलेली आहे. घराचा पुढचा भाग पिकअपच्या हौद्यावर येतो, त्याच्या पोटाखाली ती उभी लोंबत असते, दोन इंच जाडीची, भरीव पोलादाची. हौद्यात मधोमध एक जाड लोखंडी ताट बसवलेलं आहे, त्याला मागून खाच आहे. पिन त्या खाचेत शिरली की आतला जबडा तिच्याभोवती मिटतो. सोडायचं म्हणजे हा जबडा उघडायचा आणि पिकअप पुढं काढून घ्यायची. या जोडाला इथं फिफ्थ व्हील म्हणतात. इथल्या हायवेला पळणारे अठरा चाकी ट्रक याच जोडावर चालतात आणि त्यांची पिनही त्याच मापाची असते. आपल्याकडं न्हावा-शेव्याचे कंटेनर घेऊन कासेगावावरून जाणारे लांबडे ट्रेलर तुम्ही रोज बघता, त्यांचीही पुढची गाडी आणि मागचा ट्रेलर असाच जोडलेला असतो.

आता वेळ का लागतो ते सांगते. उसाची आपली चार चाकी ट्रॉली स्वतःच्या चाकांवर उभी असते. सगळं ओझं तिचं तिच्यापाशी, ट्रॅक्टरच्या हुकावर येते ती फक्त ओढ. त्यामुळं पिन उपसून ट्रॅक्टर पुढं घेतला तरी ट्रॉली जागची हलत नाही. पण आपला पाण्याचा दोन चाकी टँकर डोळ्यांपुढं आणा. त्याचा दांडा हुकावर भार टाकून बसलेला असतो. टेकू न लावता पिन काढली तर दांडा धाडकन खाली येतो. आमचं घर त्या टँकरच्या जातीचं आहे. त्याला दोन एक्सल आहेत, पण दोन्ही मधल्या भागाच्या जरा मागं, एकमेकांना चिकटून. पुढचं निम्मं घर चाकांच्या पुढं अधांतरी असतं आणि त्याचा भार पिनेवरून पिकअपच्या पाठीवर येतो.

तो भार थोडाथोडका नाही. सामान आणि पाणी धरून घर सहा टनांच्या आसपास जातं. त्याचा साधारण पाचवा हिस्सा पिनेवर येतो, म्हणजे बारा क्विंटल. इथला दंडक असा की एकूण वजनाच्या १५ ते २५ टक्के भार पुढं असावा. त्याहून कमी झाला की घर उलाळ, म्हणजे मागं जड होतं आणि हायवेला वेग घेतला की मागनं डावी-उजवीकडं झोलायला लागतं. म्हणून आम्ही जड सामान मागच्या कपाटात कधी भरत नाही. बैलगाडीत पोती रचताना तुम्ही मागच्या पोत्याला हात लावून बघायचात आणि दोन पोती पुढं सरकवायला लावायचात, तोच हिशेब. ताट पिकअपच्या मागच्या एक्सलच्या बरोबर वर किंवा बोटभर पुढं बसवलेलं असतं, त्यामुळं एवढा भार असूनही पिकअपचं तोंड उचललं जात नाही. मागच्या बंपरला गोळा लावून ओढायची जी साधी फिरती घरं असतात, त्यांना हे साधत नाही. त्यांचा भार एक्सलच्या मागं टांगलेला राहतो. मोठं घर ओढायचं तर लोक फिफ्थ व्हीलच पसंत करतात, त्याचं कारण हेच.

हे डोकं कुणी चालवलं, हे तुम्ही विचारणारच. १९१४ साली डेट्रॉइटमध्ये ऑगस्ट फ्रूहॉफ नावाचा एक लोहार होता. घोड्यांना नाल मारणं, गाड्या बांधणं हा त्याचा धंदा. सिब्ली नावाच्या लाकडाच्या व्यापाऱ्याला आपली होडी तळ्यावर न्यायची होती आणि त्याच्याकडं फोर्डची मॉडेल टी मोटार होती. फ्रूहॉफनं त्या मोटारीच्या पाठीवर पुढचा भार टाकणारी एक गाडी बनवून दिली. होडी पोचली. मग व्यापारी म्हणाला, लाकूड वाहायलाही अशीच गाडी करून दे. तिथून पुढं त्या लोहाराचा ट्रेलरचा कारखानाच उभा राहिला. घराच्या बाबतीत नाव घ्यायचं ते ग्लेन कर्टिसचं. विमानं नुकती उडायला लागली होती त्या काळातला हा मोठा माणूस. त्यानं १९२० च्या दशकाच्या अखेरीला एरोकार नावाचं ओढायचं घर बाजारात आणलं, आणि जोडाच्या जागी विमानाचं रबरी चाक आडवं बसवलं, म्हणजे रस्त्याचे हादरे ते रबर सोसेल. मला या दोघांत लोहार जास्त आवडतो. गिऱ्हाइकाची नड बघून त्यानं भात्यापाशी बसून उत्तर काढलं.

आता प्रत्यक्ष सोडण्याकडं येते. सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. बारा क्विंटल भार आत्ता पिकअपच्या पाठीवर आहे, तो आधी घराच्या स्वतःच्या पायांवर, म्हणजे पुढच्या अंगाला खाली उतरणाऱ्या दोन लोखंडी टेकूंवर उतरवायचा आणि त्यानंतरच जबड्याला हात लावायचा. उरलेला सगळा क्रम त्यातूनच येतो.

जागेवर आल्यावर पहिल्यांदा मी गाडीतून उतरते आणि घराच्या दारात पाणसळ ठेवून बघते. घर डावी-उजवीकडं कललं असेल तर ते याच वेळी, जोड कायम असतानाच सारखं करून घ्यावं लागतं. ज्या अंगाला खाली गेलं असेल त्या अंगाच्या चाकांखाली फळ्या टाकायच्या आणि हे, तुमचे जावई, पिकअप थोडी मागं-पुढं करून चाकं फळ्यांवर चढवतात. पुढं-मागचा कल नंतर पायांनी काढता येतो, पण आडवा कल काढता येत नाही, कारण आमच्या घराचे पुढचे दोन्ही पाय एकाच मोटरवर एकदम वर-खाली होतात. काही महागड्या घरांना सहा ठिकाणी हायड्रॉलिक पाय असतात, त्यांचं सगळं बटणावर भागतं. आमचं तसं नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. फळ्या टाकताना जमीन कशी आहे ते हाताला कळतं.

मग चाकांना ठोकळे. हे काम मी कधीच दुसऱ्या कुणाला करू देत नाही. आबा, एवढ्या मोठ्या घराला हँडब्रेक नसतो, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. चालत्या गाडीत ब्रेक लागतात ते विजेचे, पिकअपच्या ब्रेकबरोबर. उभं राहिल्यावर जोवर जबडा मिटलेला आहे तोवर पिकअप त्याला धरून असते. जबडा उघडला त्या क्षणापासून सहा टनांच्या घराला जागेवर धरणारं जगात दुसरं काही नसतं, फक्त हे ठोकळे. म्हणून दोन्ही बाजूंना, चाकाच्या पुढून आणि मागूनही, टायरला घट्ट भिडवून लावायचे. शिवाय दोन चाकांच्या मधल्या फटीत एक स्क्रूची कैची बसते, ती पान्यानं आवळली की दोन्ही टायरना दाबून धरते. ती लावली की आत चालताना घर डुलतंही कमी. पण नुसत्या कैचीवर मी कधी भरवसा ठेवत नाही, टायर थंड झाले की ती सैल पडू शकते.

त्यानंतर पिकअपचा फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं झाकण, खाली पाडायचा. साधी गोष्ट, पण सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. पिन घराच्या ज्या जाडजूड पेटीला जडवलेली आहे, ती पेटी पिकअप पुढं निघते तेव्हा हौद्याच्या मागच्या कडेवरून बाहेर पडते. फाळका वर असेल तर पेटी त्यालाच धडकते. मागच्या गावी आमच्या शेजारी एक म्हातारं जोडपं उतरलं होतं. त्यांच्याशी कुणीतरी गप्पा मारायला आलं, बोलता बोलता त्यांनी बाकीचं सगळं नीट केलं आणि फाळका तेवढा राहिला. पत्रा मधोमध मुडपला आणि बिजागऱ्या निसटल्या. माणसाला काही झालं नाही हे नशीब, पण त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून आमच्यात एक नियम आहे: सोडायचं काम चालू असताना कुणी बोलायला आलं तर हसून हात करायचा, आणि मध्ये बोलणं झालंच तर पुन्हा पहिल्या ठोकळ्यापासून तपासायचं. इथली माणसं मोकळी आणि मदतीला धावणारी आहेत, कुणी राग धरत नाही. दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी आम्ही यादी मोठ्यानं वाचतो, तशी यादी मी इथंही वाचते आणि हे प्रत्येकाला "हो" म्हणतात.

मग वायरी. सात पिनांची एक जाड वायर पिकअपमधून घराला जाते, दिवे, ब्रेक आणि चार्जिंग तिच्यातूनच. ती काढून तिचं तोंड घरावरच्या खुंटीला अडकवून ठेवायचं, जमिनीवर सोडायचं नाही, नाहीतर पिनांत चिखल बसतो. पाय चालवणारी मोटर घराच्या स्वतःच्या बॅटरीवर चालते, त्यामुळं वायर काढल्यानं काही अडत नाही. तिच्याशेजारी एक बारीक पोलादी तार असते. तिचं काम मला फार मोलाचं वाटतं. चालत्या रस्त्यात कधी जोड सुटलाच, तर ती तार ताणून घरावरच्या एका स्विचातली खुंटी उपसते आणि घराची बॅटरी घराचेच ब्रेक करकचून लावते. गाडी पुढं गेली तरी घर रस्त्यावर मोकाट सुटत नाही. ती तारही आठवणीनं काढायची. काही लोक उभं असताना तीच खुंटी उपसून ब्रेक लावून ठेवतात, म्हणजे ठोकळे नकोत. ते चुकीचं आहे. बॅटरी उतरते, ब्रेकमधले चुंबक तापतात, आणि बॅटरी संपली की ब्रेकही सुटतात.

आता पाय. पायांखाली मी जाड लाकडी फळ्या ठेवते. इथं खडी आहे म्हणून बरं, पण उन्हाळ्यात डांबरावर उभं केलं तर डांबर मऊ पडून पाय रुततात आणि ओल्या गवतावर तर अर्ध्या रात्रीत घर कलतं. पायाच्या आत दुसरा पाय असतो, भोकाभोकांचा. खटका ओढला की तो खाली सरकतो आणि जवळच्या भोकात अडकतो, मग राहिलेलं अंतर मोटर पुरं करते. बटण दाबलं की मोटर घरघरते, पाय फळीला टेकतात, आणि मोटरचा आवाज एकदम जड होतो. भार यायला लागल्याची ती खूण. तिथून पुढं माझं लक्ष पायांकडं नसतं, पिकअपच्या मागच्या चाकाकडं असतं. भाराखाली तिच्या स्प्रिंगचे पाटे सपाट झालेले असतात. पायांनी भार घ्यायला सुरुवात केली की पाटे हळूहळू कमान धरतात आणि चाक आणि मडगार्ड यांच्यातली फट वाढत जाते. पाटे मोकळे झाले पण पिनेची पेटी अजून ताटाला जेमतेम टेकून आहे, अशा जागी थांबायचं. कमी उचललं तर जबडा उघडल्यावर उरलेला भार पायांवर दणक्यानं येतो. जास्त उचललं तर पिन जबड्याला वर ओढायला लागते, पिकअपचीच शेपूट उचलली जाते आणि जबडा उघडत नाही. ही जागा कुठल्या पुस्तकात सापडत नाही, ती नजरेला बसावी लागते. आता मला ती बसली आहे.

यानंतर जबड्याचा दांडा. तो डाव्या बाजूला हौद्याच्या कडेपाशी येतो, त्याला एक कडीची खुंटी असते ती आधी काढायची. पुष्कळदा दांडा हलतच नाही. कारण थांबताना पिकअप पुढं ओढत थांबलेली असते आणि पिन जबड्याच्या तोंडाला दाबून बसलेली असते. तेव्हा ताकद लावायची नाही, हातोडी तर नाहीच नाही. ह्यांना मी हात करते, हे पिकअप जेमतेम बोटभर मागं घेतात आणि तिथंच हँडब्रेक लावतात. तेवढ्यानं पिनेवरचा ताण सुटतो, आणि जो दांडा दोन हातांनी ढिम्म हलत नव्हता तो एका हातानं सरकतो. आतून टक असा आवाज येतो. जबडा उघडला.

हे मागं घ्यायचं तंत्र रेल्वेतही आहे, आणि ते बघायला नॉर्थ प्लॅटसारखं गाव नाही. युनियन पॅसिफिकचं बेली यार्ड इथं आहे, मालगाड्या तोडून पुन्हा जुळवायचं जगातलं सगळ्यात मोठं यार्ड, जवळपास आठ मैल लांब. त्याच्या कडेला लोकांना बघायला गोल्डन स्पाइक नावाचा उंच मनोरा बांधला आहे. सुटीच्या दिवशी आम्ही वर गेलो होतो. मालगाडी मागून ढकलत एका टेकाडावर चढवतात. ढकलत असल्यामुळं डब्यांमधला ताण गेलेला असतो, म्हणून टेकाडाच्या माथ्यावर खटका उचलला की डबा अलगद सुटतो आणि उतारानं आपापल्या रुळाकडं जातो. गाडी ओढत असती तर तोच खटका उचलला गेला नसता. मिरज जंक्शनला तुम्ही मला शंटिंग दाखवायला न्यायचात, ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज तिन्ही एका ठिकाणी होते तेव्हा, आणि इंजिन आधी डब्याला थोडं रेटून मग का थांबतं हे मी विचारलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, "रेटल्याबिगर कडी निघत न्हाई." त्या मनोऱ्यावर मी ह्यांना तेच सांगितलं. आबा, तुम्ही इथं आलात तर तुम्हाला त्या मनोऱ्यावरून खाली उतरवणं अवघड जाईल. दिवसभर बसून राहाल.

जबडा उघडला म्हणजे लगेच निघायचं नसतं. हे पिकअप वीतभर पुढं घेतात आणि थांबतात. तेवढ्यात मी पायांभोवती एक फेरी मारते. पाय फळीवर सरळ उभे आहेत का, फळी कुठं फाटते आहे का, ठोकळे टायरला भिडलेले आहेत का, घर पुढं येतंय का, वायर कुठं अडकली नाही ना. पिन अजून ताटाच्या वर असते, म्हणजे पाय कलले किंवा घर सरकलं तरी ते पिकअपवरच बसेल, जमिनीवर नाक आपटणार नाही. सगळं ठीक दिसलं की मी खूण करते आणि पिकअप सावकाश बाहेर निघते. घर स्वतःच्या पायांवर.

आईच्या प्रश्नाचं उत्तर इथंच देते. मी खाली जात नाही. आई, पिनेखाली किंवा पिकअप आणि घर यांच्या मध्ये आमच्यापैकी कुणीही कधी उभं राहत नाही, हात घालायची वेळ आली तर गाडी बंद, हँडब्रेक वर आणि किल्ली माझ्या खिशात. दांडा बाजूनं ओढता येतो, हौद्याच्या कडेवरून हात घालून. मी जिथं उभी असते तिथं ह्यांना आरशात माझा चेहरा दिसतो, आणि मी दिसेनाशी झाले की गाडी जागेवर थांबवायची, हे आमचं ठरलेलं आहे. तेव्हा तू काळजी करू नकोस.

घर सुटलं त्या उंचीला मी पायावर खडूनं खूण करते. निघायच्या दिवशी त्याच उंचीला आणून पिन जोडायची असते, आणि जोडताना उंची चुकली तर काम फार वाईट होतं. घर जास्त उंच राहिलं तर पिन जबड्यात न जाता त्याच्या वर बसते. दिसायला जोडलेलं दिसतं, आणि पहिल्याच वळणावर किंवा उतारावर सगळं घर पिकअपच्या हौद्याच्या दोन्ही भिंतींवर येऊन पडतं. म्हणून जोडल्यावर टॉर्च घेऊन जबडा मिटलाय का ते डोळ्यांनी बघायचं आणि ठोकळे काढायच्या आधी पिकअपनं हलका हिसका देऊन बघायचा. खडूची ती रेघ असली की हे सगळं सोपं होतं.

बाकीचं पटापट होतं. पुढचे पाय खाली-वर करून पुढं-मागचा कल काढायचा, मागच्या टोकाला दोन टेकू द्यायचे, खांबावरचा स्विच बंद करून मगच विजेची जाड वायर जोडायची, पाण्याची नळी लावायची, आणि शेवटी भिंतीचे कप्पे बाहेर सरकवायचे, म्हणजे स्वयंपाकघर रुंद होतं. आई विचारत होती की भांडी पडत नाहीत का. कपाटांना आतून खटके आहेत. तू दिलेला लोखंडी तवा मात्र मी प्रवासात खाली जमिनीवर, टॉवेलात गुंडाळून ठेवते.

दर १३ आठवड्यांनी माझं कॉन्ट्रॅक्ट संपतं, दवाखाना बदलतो आणि गावही बदलतं. इथं अशा फिरत्या नर्सा पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या कितीतरी जणी अशाच घरात राहतात. प्रत्येक गावी परकी खोली भाड्यानं घेण्यापेक्षा मला हे बरं वाटतं. उशी तीच, देवघर तेच, चहाचं भांडं तेच. त्या मोबदल्यात जोडायचं आणि सोडायचं काम नीट करावं लागतं, आणि ते मला मनापासून आवडायला लागलं आहे. लोखंडाचं काम आपल्या घरात तुमच्यापासूनच आहे.

आता दादा आणि थोरल्यासाठी. मागच्या महिन्यात थोरल्यानं टँकरचा फोटो टाकला होता. ट्रॅक्टर नव्यानं धुतलेला, मागं टँकर, आणि टँकरच्या दांड्याखाली दगडावर दगड रचलेले. तो फोटो बघून मला चैन पडेना. दगड सरकला तर दांडा कुणाच्या पायावर येईल ते सांगता येत नाही, आणि पिन काढताना पाय नेमका तिथंच असतो. दुसरं म्हणजे टँकर अर्धा भरलेला असेल आणि जागा उताराची असेल तर पाणी सगळं मागं धावतं. तेव्हा टँकर उलाळ होतो आणि पिन निघाली की दांडा खाली न पडता वर उसळतो, तोंडाच्या उंचीला. म्हणून टँकर सोडायचा तो सपाट जागीच, एकतर पूर्ण रिकामा नाहीतर पूर्ण भरलेला. आणि पिनेला हात लावायच्या आधी दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडाचे ठोकळे, दगड नकोत.

दांड्याला स्क्रूचा एक उभा जॅक वेल्डिंग करून बसवून घ्या, हातानं फिरवून पाय खाली-वर होतो तसला. सांगलीत मिळेल, आणि आपल्या वेल्डिंगवाल्याला चित्र दाखवलं की तो बसवून देईल. चित्र मी याच पत्राबरोबर पाठवते आहे. जॅक भरल्या टँकरचा भार पेलणारा असावा, स्वस्तातला पातळ नळीचा घेऊ नका. पैसे मी पाठवते, त्यावर दादाशी वाद घालायची माझी तयारी आहे. एकदा हंगाम सुरू झाला की कुणालाच सवड मिळणार नाही, त्याआधीच करून घ्या.

रविवारी तुमच्या सकाळी फोन करते. तोवर थोरल्याला सपाट जागी टँकर ट्रॅक्टरला जोडलेला असतानाच दांडा जमिनीपासून किती उंच आहे ते टेपनं मोजून ठेवायला सांगा, भरलेला असताना एकदा आणि रिकामा असताना एकदा. जॅक किती लांबीचा घ्यायचा ते त्या दोन मापांवरून ठरेल.

आईला आणि वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमची लेक